नवे पॅड, तरी ब्रेकची ‘चीं’

मोटारीचा ब्रेक दाबला की पॅड डिस्कवरून अखंड घसरत नाही. तो क्षणभर चिकटतो, सुटतो, पुन्हा चिकटतो. ही चिकट-सुट सेकंदाला हजारो वेळा होऊ लागली की पॅड, डिस्क आणि पॅडना धरून दाबणारा कॅलिपर थरथरू लागतात आणि फळ्यावर खडू किंचाळावा तसा आवाज येतो. पॅड नुकतेच बदललेले असले तर सगळा संशय त्यांच्यावरच जातो. गॅरेजमध्ये ते पॉलिश पेपरवर घासून परत बसवले जातात. चार दिवस शांतता, मग पुन्हा तेच. थरथरीचे मूळ बहुधा पॅडच्या आजूबाजूला असते.

तरी आधी पॅडला बसायला वेळ द्यावा. त्याचा पृष्ठभाग सपाट, तर जुन्या डिस्कवर बारीक चरे. सुरुवातीला दोघांची गाठ जागोजागीच पडते. मोकळ्या रस्त्यावर ताशी ५०-६० किलोमीटरवरून १०-१५ पर्यंत वेग बेताच्या दाबाने उतरवावा. असे आठ-दहा वेळा, मध्ये थोडे अंतर ठेवून करावे आणि नंतर काही किलोमीटर शक्यतो ब्रेक न लावता गाडी चालवावी. त्यामुळे पॅडच्या पदार्थाचा पातळ थर डिस्कवर सारखा पसरतो. तापलेला ब्रेक दाबून धरून गाडी उभी मात्र करू नये. थर एकाच जागी जाड बसतो आणि पुढे पेडल थरथरते.

एवढ्यानेही आवाज गेला नाही, तर चाक काढावे लागते. पहिली तपासणी स्लाइड पिनांची. नेहमीच्या तरंगत्या कॅलिपरला अशा दोन पिना असतात आणि त्या हाताने सहज सरकायला हव्यात. रबरी बूट फाटला की पावसाळ्यात पाणी-माती आत शिरते, ग्रीस वाळते आणि पीन जाम होते. काढलेल्या जुन्या पॅडच्या जोडीत एक दुसऱ्यापेक्षा बराच झिजलेला दिसला, तर ही त्याचीच खूण असू शकते. पिना पुसून ब्रेकसाठीचे सिलिकॉन ग्रीस लावावे. डब्यातले साधे ग्रीस चालत नाही. त्याने रबर फुगते.

पॅड ज्यांत सरकतो त्या पत्र्याच्या क्लिपा आणि त्याच्या पाठीवरची शिम नावाची पातळ पट्टी हे भाग घाईत हमखास दुर्लक्षिले जातात. शिम थरथर शोषते. ती जुन्या पॅडबरोबर कचऱ्यात गेली, तर आवाज होणारच. क्लिपांखालचा गंज तारेच्या ब्रशने काढावा. ब्रेकचे उष्णतारोधक ग्रीस पॅडच्या पाठीला आणि टोकांना नावापुरते लावावे. घासणाऱ्या बाजूला त्याचा थेंबही लागता कामा नये. काही पॅडना झीज कळवणारी धातूची पट्टी असते. पॅड दोन-तीन मिलिमीटर उरला की ती डिस्कला टेकून चिरकते. बसवताना ती वाकली, तर कोरा पॅडही झिजल्यासारखा ओरडतो.

डिस्क काचेसारखी चमकत असेल, तर पॉलिश पेपरने चमक मोडून ब्रेक क्लीनरने पुसावी. रॉकेल नको, ते तेलकट थर सोडते. कडेला उठलेली धार पॅडला घासत असेल, तर लेथवर काम होते. पण डिस्क तिच्यावर कोरलेल्या किमान जाडीच्या खाली जाणार असेल, तर ती बदलावी. जोडणी झाल्यावर, गाडी हलवण्याआधी, पेडल कडक होईपर्यंत दाबत राहावे. नवे पॅड बसवताना कॅलिपरमध्ये मागे ढकललेला पिस्टन तोवर पॅडपर्यंत आलेला नसतो.

भारतातल्या बहुतेक छोट्या गाड्यांना मागे ड्रम ब्रेक असतात, तेव्हा आवाज खरोखर पुढूनच येतो ना, हेही पाहावे. धातूचे प्रमाण जास्त असलेले पॅड मुळातच थोडे बोलके असतात. त्यांना सिरॅमिक पॅडचा पर्याय आहे. रात्रभर पावसात उभ्या राहिलेल्या गाडीचा आवाज हा डिस्कवरच्या गंजाचा असतो, तो पाच-सहा ब्रेकांत जातो. पण ‘चीं’ऐवजी खरखर ऐकू आली, गाडी एका बाजूला ओढू लागली किंवा एकच चाक तापू लागले, तर ती चालवू नये, जागेवरच मेकॅनिक बोलवावा.