गिऱ्हाईक बांधलेलं असलं तरी

अकोल्याच्या टिळक रोडवर किंवा अमरावतीच्या राजापेठेत वर्षानुवर्षे दुकान चालवणारे म्हणतात, आमचं गिऱ्हाईक बांधलेलं आहे, आम्हाला गुगल कशाला? बांधलेल्या गिऱ्हाइकापुरतं ते खरंच आहे. पण धारणी-चिखलदऱ्याहून दवाखान्यासाठी आलेलं कुटुंब, अमरावती विद्यापीठात नव्याने दाखल झालेली मुलगी, अकोला जंक्शनवर उतरलेला प्रवासी यांना तुमची पत ठाऊक नसते. ते मोबाइलवर ‘जवळचं मेडिकल’ एवढंच शोधतात. अशा शोधाचा क्रम गुगल मुख्यतः तीन गोष्टींवरून लावतो, हे कंपनीनेच जाहीर केलं आहे: शोधाशी जुळणी, अंतर आणि नावलौकिक. अंतर आपल्या हाती नाही. जुळणी बरीचशी हाती आहे, आणि हेळसांड नेमकी तिथेच होते. गुगलवरच्या नोंदीत व्यवसायाचा प्रकार मोघम, नकाशावरची खूण भलत्याच गल्लीत, साप्ताहिक सुटीची नोंदच नाही. अमरावतीकरांनी तर राज्य आणि पिनकोड न चुकता लिहावा. आंध्र प्रदेशातही अमरावती आहे.

दुसरी शंका खर्चाची. गुगलवरची ही नोंद, तिचं नाव ‘बिझनेस प्रोफाइल’ (२०२१ पर्यंत ‘माय बिझनेस’), मोफत आहे. जाहिरातीची जागा वेगळी. शोधाच्या क्रमातली वरची जागा पैसे देऊन मिळत नाही, म्हणून पहिल्या क्रमांकाची हमी विकणाऱ्याला दारातूनच परत पाठवावं. पाटीवर नसलेले शब्द नावात घुसडणं आणि विकतचे अभिप्राय, दोन्ही नियमाविरुद्ध आहेत. खऱ्या गिऱ्हाइकाकडे अभिप्राय मागायला मात्र संकोच नको, आणि तक्रार आलीच तर तिला मराठीतच, नीट उत्तर द्यावं.