कॅनाबिनॉइडे : प्राणिवर्तनावरील परिणाम

गांजाच्या वनस्पतीत आढळणाऱ्या विशिष्ट संयुगांचा गट. डब्ल्यू. बी. ओशॉनेसी यांनी कलकत्त्यात केलेल्या व १८३९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत कुत्री व मांजरे गुंगली. घोडे व शेळ्या यांच्यावर मात्र अल्पच परिणाम दिसला. १९६४ मध्ये टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल हे प्रमुख मादक संयुग शुद्ध रूपात वेगळे केले गेल्याने नेमकी मात्रा देता येऊ लागली. या संयुगाने उंदरांची हालचाल मंदावते, शरीराचे तापमान उतरते, वेदनेची जाणीव घटते व ते ठेवलेल्या स्थितीत निश्चल राहतात. यांतील एकेक लक्षण इतर औषधांनीही उद्भवते. म्हणून चारही लक्षणे एकत्र तपासतात. मेंदूतील सीबी१ हे ग्राही प्रथिन नसलेल्या उंदरांत ती बहुतांशी आढळत नाहीत. तथापि जातीनुसार परिणाम बदलत असल्याने हे निष्कर्ष माणसास जसेच्या तसे लागू करता येत नाहीत.