वाचवलेल्या कुत्र्याला घर देताय? आधी सांगा, ऊसतोडीला गेल्यावर त्याला कोण सांभाळणार?

चकलांबा (ता. गेवराई) : कधी गाडीची धडक बसलेलं, कधी विहिरीत पडलेलं, तर कधी पोत्यात घालून रस्त्याच्या कडेला टाकलेलं कुत्र्याचं पिल्लू कुणीतरी उचलून आणतं. दूध पाजतं, जखम धुतं आणि गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो टाकतं, "कुणाला पाळायला पाहिजे असल्यास सांगा." दहा-बारा जण हात जोडल्याची खूण पाठवतात, पण घर द्यायला फारसं कुणी पुढं येत नाही. आलंच तर चार-सहा महिन्यांनी तेच कुत्रं पुन्हा स्टँडवर फिरताना दिसतं.

कुत्रं वाचवायला एक दिवस लागतो, सांभाळायला मात्र बारा-चौदा वर्षं लागतात. गावठी कुत्रं नीट जगलं तर एवढं आयुष्य सहज काढतं. म्हणून पिल्लू देणाऱ्यानं आणि घेणाऱ्यानं काही गोष्टी आधीच बोलून घेतलेल्या बऱ्या.

लऊळची गोष्ट आठवते?

डिसेंबर २०२१ मध्ये माजलगाव तालुक्यातलं लऊळ गाव देशाबाहेरच्या बातम्यांतही झळकलं. वानरं कुत्र्यांची पिल्लं उचलून झाडांवर आणि छपरांवर नेत होती. वरून पडून आणि उपासमारीनं पिल्लं मेली. किती मेली यावर वाद झाला, पण पिल्लं उतरवायला वर चढलेले गावकरी पडून जखमी झाल्याच्या बातम्याही आल्या. शेवटी वन विभागानं दोन वानरं पकडून दूर नेली. बातमी गाजली ती वानरांची. पण खाली उतरवलेलं पिल्लू पुढं कुणाचं, हा प्रश्न प्रत्येक गावात तसाच असतो.

हंगामाचा प्रश्न

बीड जिल्ह्यात हा प्रश्न जास्त अवघड आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्यात परततात. घराला कुलूप लागतं. म्हातारी माणसं मागं राहिली तर कुत्र्याला तुकडा मिळतो. कुणीच नसेल तर पावसाळ्यात हौसेनं आणलेलं पिल्लू हिवाळ्यात पुन्हा भटकं होतं.

म्हणून पिल्लू देताना पहिला प्रश्न हाच विचारा : "घर बंद असतं का? मग याला कोण बघणार?" यात कुणाचा अपमान नाही. म्हातारे आई-वडील, भावकी, शेजारी किंवा शेतावरचा सालगडी, यांपैकी एकानं आधीच हो म्हटलेलं असावं. कुत्रं टोळीबरोबर नेणार असाल तर निघण्यापूर्वी रेबीजची लस टोचून घ्या. कोप्यांवर लहान लेकरं आणि कुत्री एकाच जागी राहतात, तिथं लस नसलेलं कुत्रं धोक्याचं.

ग्रुपवर नुसता फोटो टाकून भागत नाही. वय, नर की मादी, लस झाली का, स्वभाव कसा, शेळ्या-कोंबड्यांच्या मागं लागतं का, हे लिहा. शक्य असेल तर पिल्लू स्वतः घरी नेऊन सोडा आणि महिन्यानं एक चक्कर मारा. जमत नसेल तर पिल्लू परत घेऊ, रस्त्यावर सोडू नका, असं सांगून ठेवा.

मादी कुणी घेत नाही

नर पिल्लं लवकर जातात, माद्या मागं राहतात. कारण सगळ्यांना माहीत आहे : मादी साधारण वर्षातून दोनदा विते आणि एका वेताला चार-सहा पिल्लं होतात. त्याला उपाय नसबंदीचा. सहा महिन्यांच्या पुढं पशुवैद्यकाला विचारून ती करता येते. शासकीय मोहिमेत नसबंदी झालेल्या कुत्र्याच्या कानाला खूण म्हणून छोटी खाच दिलेली असते. अशी खाच दिसली तर ती मादी घ्यायला घाबरू नका. राखणीला मादी नराइतकीच चांगली असते.

घरी आणल्यावर

पहिले दोन-तीन दिवस पिल्लाला निवांत जागा द्या. लेकरांनी सारखं उचलू नये. जंताचं औषध आणि लसी पशुवैद्यकाच्या सल्ल्यानं द्या. रेबीजची पहिली लस साधारण तीन महिन्यांचं झाल्यावर आणि पुढं दरवर्षी टोचायची असते. जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना हे पहिलं ठिकाण. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा टोल फ्री नंबर आहे.

भाकरी चालते, पण नुसत्या भाकरीवर पिल्लू वाढत नाही. अधूनमधून अंडं, उकडलेलं मांस किंवा डाळ-भात द्या. चॉकलेट, कांदा, लसूण, द्राक्षं आणि मनुके देऊ नका. शिजवलेली हाडं पोटात टोचतात. उन्हाळ्यात सावली आणि दिवसभर पाणी हवंच.

गोचीड झाले म्हणून कपाशीवर फवारायचं औषध कुत्र्याच्या अंगाला लावू नका. खरजेवर गाडीचं जळकं ऑइलही नको. कुत्रं अंग चाटतं, विष पोटात जातं आणि ते मरतं. दोन्हींवर दवाखान्यात औषध मिळतं.

चावलं किंवा ओरखडलं तर

वाचवताना घाबरलेलं कुत्रं चावू शकतं. जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा. मिरची, हळद, चुना लावू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा आणि डॉक्टर सांगतील तेवढे सगळे डोस पूर्ण करा. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर माणूस जवळजवळ वाचतच नाही. लस मात्र वेळेत घेतली तर जीव वाचतो. पिल्लू लहान आहे म्हणून दुर्लक्ष करू नका.

कायदा काय सांगतो

पाळलेलं जनावर उपाशी-तहानलेलं राहील अशा रीतीनं सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे. कुत्र्याला विष घालणं, मारणं किंवा अपंग करणं यासाठी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ नुसार पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण २०२३ च्या नियमांनुसार स्थानिक संस्थेनं करायचं आहे.

सर्वोच्च न्यायालयानं २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात भटकी कुत्री दत्तक घेण्याचा मार्ग मोकळा ठेवला, पण दत्तक घेतलेलं कुत्रं पुन्हा रस्त्यावर येणार नाही, याची जबाबदारी घेणाऱ्यावर टाकली. ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशात शाळा, दवाखाने, बसस्थानकं अशा ठिकाणची कुत्री हलवायला आणि परत तिथंच न सोडायला सांगितलं. म्हणजे शाळेच्या आवारात लेकरांनी डब्यातला घास घालून वाढवलेल्या कुत्र्याला आता खरोखर घर लागणार आहे.

पिल्लू कुत्र्याचंच आहे ना?

आपल्याकडं माळरानावर लांडगे आहेत. त्यांची पिल्लं कुत्र्याच्या पिल्लांसारखीच दिसतात. माळावर बिळाजवळ पिल्लं सापडली तर उचलू नका, आई जवळपास असते. लांडगा, कोल्हा पाळणं गुन्हा आहे. वन विभागाच्या १९२६ या नंबरवर कळवा. जखमी वन्यप्राण्यांसाठी शेजारच्या शिरूर कासार तालुक्यात तागडगावला सिद्धार्थ आणि सृष्टी सोनवणे यांचं सर्पराज्ञी हे केंद्र काम करतं. पाळीव कुत्र्याला घर शोधायचं काम मात्र गावानंच करायचं आहे.

पिल्लू घ्यायला कुणी दारात आलं, तर त्याला चहा पाजा आणि दिवाळीनंतर घरी कोण असतं, ते विचारा. उत्तर पक्कं मिळालं तरच पिल्लू द्या.