चौदा माणसं आणि एक पासवर्ड: डेटाबेसमधले रोल

मागच्या वेळी आपण बॅकअपपर्यंत आलो होतो. आजचा विषय परवानग्यांचा. ऐकायला रुक्ष आहे, म्हणून एका प्रसंगापासून सुरुवात करतो.

एका पतसंस्थेत मला बोलावलं होतं. एका ठेवीदाराची शिल्लक चाळीस हजारांनी कमी झाली होती आणि पावती कुठेच नव्हती. डेटाबेस पोस्टग्रेस. लॉग काढला, तर बदल करणाऱ्याचं नाव मिळालं 'ॲडमिन'. आता हा ॲडमिन कोण? तर सगळेच! कॅशियर, शाखाधिकारी, पिग्मीचा हिशोब घेणारे, सॉफ्टवेअरवाला, अशी चौदा माणसं एकाच नावानं आत जात होती. पासवर्ड मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला. त्या दिवशी काउंटरवर जी मुलगी होती, तिच्यावर संशय गेला. तीन आठवडे ती घरी बसून होती. शेवटी सॉफ्टवेअरवाल्यानं स्वतःच कबूल केलं की दुरुस्ती करताना त्याच्या अपडेटमधली 'व्हेअर'ची अट चुकली. तो बोलला म्हणून ती सुटली. डेटाबेसकडे तिच्या बाजूनं सांगण्यासारखं काहीच नव्हतं.

तर, कोणाला काय करता येईल हे डेटाबेसनेच ठरवायचं, ही कल्पना जुनी आहे. आयबीएमच्या सिस्टिम आर या प्रकल्पातून 'ग्रँट' आणि 'रिव्होक' आले. ग्रिफिथ्स आणि वेड यांचा त्यावरचा लेख १९७६ चा. पण प्रत्येक माणसाला प्रत्येक टेबलाची परवानगी वेगळी द्यायची म्हटलं की जीव जातो. म्हणून रोल. परवानगी माणसाला नाही, कामाला द्यायची आणि माणसाला त्या कामावर बसवायचं. पोस्टग्रेसमध्ये पूर्वी युजर आणि ग्रुप वेगळे असत. २००५ मध्ये आलेल्या ८.१ आवृत्तीपासून दोन्ही मिळून एकच गोष्ट झाली, रोल. ज्याला लॉगिनची मुभा आहे तो युजर, बस्स.

म्हणजे आपल्या पतसंस्थेत 'कॅशियर' नावाचा रोल करायचा, त्याला लॉगिन द्यायचं नाही. व्यवहारांच्या टेबलवर त्याला 'सिलेक्ट' आणि 'इन्सर्ट' द्यायचं. 'अपडेट', 'डिलीट' नाही. का नाही? तुमच्यापैकी कोणी वही-खातं लिहिलं असेल तर माहीत असेल, चुकीची नोंद खोडायची नसते, उलटी नोंद टाकायची असते. तेच इथे. मग प्रत्येक माणसाचं स्वतःचं लॉगिन आणि त्याला 'ग्रँट कॅशियर'.

आता शिल्लक कोण बदलणार? थेट कोणीच नाही. त्यासाठी एक फंक्शन लिहायचं, 'सिक्युरिटी डिफायनर' प्रकारचं. ते चालवणाऱ्याच्या नाही, तर फंक्शनच्या मालकाच्या अधिकारानं चालतं. इथे दोन गोम आहेत. पहिली, फंक्शन तयार झालं की ते चालवायची परवानगी आपोआप 'पब्लिक'ला, म्हणजे सगळ्यांना मिळते. ती आधी काढून घ्या, मग कॅशियरला द्या. दुसरी, फंक्शनच्या आत 'करंट युजर' विचारलंत तर मालकाचं नाव येईल. खरा माणूस हवा असेल तर 'सेशन युजर' नोंदवा. नाहीतर फिरून आपण त्याच ॲडमिनपाशी!

हे 'पब्लिक' प्रकरण नीट समजून घ्या. लोक एखाद्या माणसाकडून 'रिव्होक' करतात आणि चकित होतात, की त्याला तरी दिसतंच आहे. कारण पोस्टग्रेसमध्ये परवानग्यांची बेरीजच होते, वजाबाकी नसते. एसक्यूएल सर्व्हरमध्ये 'डिनाय' आहे, इथे नाही. हक्क पब्लिककडून किंवा दुसऱ्या रोलकडून येत असेल, तर तो तिथूनच काढावा लागतो.

आणखी एक नेहमीचा गोंधळ. ऑडिटरला 'ऑल टेबल्स' वाचायची परवानगी दिली. पुढच्या महिन्यात नवीन टेबल आलं, ऑडिटरला दिसेना. 'ऑल' म्हणजे त्या क्षणी असलेली टेबलं. पुढच्यांसाठी 'ऑल्टर डिफॉल्ट प्रिव्हिलेजेस' लागतं, आणि तेही ज्या रोलच्या नावानं दिलं असेल त्यानंच बनवलेल्या टेबलांना लागू होतं. यात माझेही दोन तास गेलेले आहेत.

माणूस सोडून गेला की काय करायचं? त्याच दिवशी 'नोलॉगिन'. पण उघडी असलेली कनेक्शनं त्यानं तुटत नाहीत, ती वेगळी तोडा. रोल पुसायला गेलात तर तो जाणार नाही, कारण त्याच्या नावावर टेबलं असतील. आधी 'रीअसाइन ओन्ड', मग 'ड्रॉप ओन्ड', हे प्रत्येक डेटाबेसमध्ये, आणि शेवटी 'ड्रॉप रोल'.

मागून प्रश्न आलाय: "सर, आमचं वेब ॲप्लिकेशन एकाच लॉगिननं जोडलेलं असतं, मग?" बरोबर. बहुतेक ठिकाणी तसंच असतं. तेव्हा माणसाचं नाव ॲपलाच पाठवावं लागतं आणि प्रत्येक नोंदीत लिहावं लागतं. पण त्या एका लॉगिनला सुपरयुजर करू नका, टेबलांचा मालकही करू नका. सुपरयुजरला या परवानग्यांची तपासणीच लागत नाही, आणि मालकाला टेबल उडवताही येतं. टेबलं बनवणारा रोल वेगळा, ॲप चालवणारा वेगळा. त्या पतसंस्थेत हे वेगळं करायला आम्हाला एक शनिवार पुरला. ती मुलगी सोमवारी कामावर आली, तिचं लॉगिन तयार होतं. तिनं पहिला प्रश्न विचारला, "हा पासवर्ड अजून कोणाला माहीत आहे?"