जव्हार-मोखाड्याच्या चालत्या वाटा

जव्हार शहर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास उंचीवर, पठाराच्या माथ्यावर वसलं आहे. इथं पडलेला पाऊस कुठं जाणार, हे तो कुठल्या उतारावर पडला त्यावर ठरतं. लेंडी आणि वाघ या नद्या आपलं पाणी दमणगंगेला देतात आणि ते दमणला समुद्रात जातं. पिंजाळ आणि गारगाई वैतरणेला मिळतात, आणि वैतरणा अर्नाळ्याच्या उत्तरेला समुद्र गाठते. पश्चिमेच्या उतारावरचं बरंचसं पाणी सूर्या नदी नेते. वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस झेलून हे पठार इतकं खोल चिरलं गेलं आहे, की समोर हाकेच्या अंतरावर दिसणाऱ्या पाड्यावर जायचं तर आधी दरी उतरायची, ओहोळ ओलांडायचा आणि पुन्हा तेवढंच चढायचं.

डांबरी रस्ता ही दरी टाळतो. तो माथ्यामाथ्यानं वळसे घेत जातो. पायवाट दरीत उतरते आणि निम्म्याहून कमी अंतरात माणसाला पलीकडे पोहोचवते. म्हणूनच जव्हार आणि मोखाडा या दोन तालुक्यांत आजही सगळ्यात जास्त वापरातलं दळणवळणाचं जाळं कुठलं, असं विचारलं तर मन पायवाटांकडेच जातं.

2011 च्या जनगणनेत जव्हार तालुक्याची लोकसंख्या 1,40,187 आणि मोखाड्याची 83,453 होती. त्यात नव्वद टक्क्यांहून अधिक लोक आदिवासी: वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी, कातकरी. महसुली कागदावर गाव एक असतं. जमिनीवर त्याचे पाच-सात पाडे वेगवेगळ्या सोंडांवर विखुरलेले असतात. शाळा एका पाड्यावर, रेशनचं दुकान दुसऱ्यावर, उपकेंद्र तिसऱ्यावर. या सगळ्यांना एकत्र बांधून गाव बनवते ती वाट.

ही वाट कुणी आखलेली नाही, पण ती कशीही गेलेली नाही. चढ अंगावर आला की ती तिरकी होते, म्हणजे डोक्यावर हंडा किंवा लाकडाची मोळी असलेल्या बाईला दम न लागता चढता येतं. मुरमाड उतारावर ती झाडांच्या मुळांच्या आधारानं जाते, कारण पावसात तिथंच पाय ठरतो. ओहोळ ओलांडताना ती नेमकी अशा जागी उतरते जिथं पात्रात कातळ आहे. भातखाचरांतून जाताना ती बांधावर चढते आणि पेरणीनंतर खाचराला धक्का लावत नाही. एखादं झाड आडवं पडलं तर पहिला येणारा त्याला वळसा घालतो, आणि आठवड्याभरात वळशाचीच वाट होते. दुरुस्तीचा खर्च कुठल्याही अंदाजपत्रकात दिसत नाही. जो चालतो तोच दगड बाजूला सारतो, काटेरी फांदी तोडतो.

एकाच ठिकाणी जायच्या बऱ्याचदा दोन वाटा असतात. उन्हाळी वाट नदीच्या पात्रातून जाते. पाणी आटलेलं असतं, वाळूत डवरे खणून बायका पिण्याचं पाणी भरतात, आणि पात्रच रस्ता होतं. पावसाळी वाट वरून, लांबून जाते. दोन्हींच्या मध्ये असतो साकव, म्हणजे ओहोळावरचा छोटा पूल. पूर्वी ओंडके आणि बांबू बांधून गावकरीच तो उभा करत, पुरात वाहून गेला की पुन्हा बांधत. अलीकडे अनेक ठिकाणी सरकारी योजनेतून काँक्रीटचे साकव झाले आहेत. जिथं ते झाले नाहीत, तिथं चार महिने समोरचा पाडा डोळ्यांना दिसतो आणि पायांना मिळत नाही.

वाटेचं वर्ष शेतीच्या आणि जंगलाच्या वर्षाबरोबर फिरतं. उन्हाळ्याच्या तोंडाशी मोह फुलतो तेव्हा पहाटे झाडाखालपर्यंत वाट उजळलेली असते. पहिल्या सरींनंतर शेवळं आणि पुढं कंटोळी आणायला जंगलात शिरणाऱ्या वाटा जाग्या होतात. भात, नागली, वरई निघाली आणि दिवाळी सरली की अनेक कुटुंबं ‘जगायला’ बाहेर पडतात, म्हणजे भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर. तेव्हा काही वाटा ओस पडतात. उन्हाळ्यात बोहाडा आला की मुखवट्यांचा हा उत्सव पाहायला लांबच्या पाड्यांवरून माणसं पायीच येतात आणि रात्रभर चालणारी सोंगं पाहून सकाळी पायीच परततात.

गावाची शीव कुठं लागते हे दाखवायला पाटी नसते. तिथं वाघदेव असतो. लाकडाच्या किंवा दगडाच्या फळीवर वाघ, सूर्य आणि चंद्र कोरलेले असतात. वाघबारशीला त्याची पूजा होते. रानात गुरं नेणाऱ्याला त्यावरून कळतं की आपण कुठवर आलो.

या वाटांना इतिहास आहे, आणि तो जव्हारच्या राजवाड्यापेक्षा जुना आहे. 1343 मध्ये मुकणे घराण्याच्या राज्याला दिल्लीच्या सुलतानाची मान्यता मिळाली आणि जव्हार संस्थान सहाशे वर्षं टिकलं. 1948 मध्ये ते मुंबई राज्यात विलीन झालं. एवढं लहान राज्य इतका काळ उभं राहिलं यामागं त्याची जागा आहे. एका बाजूला सोपारा-डहाणूचा किनारा, दुसऱ्या बाजूला त्र्यंबक आणि नाशिकचं पठार, आणि मध्ये हा डोंगराळ पट्टा. घाटावरून कोकणात उतरणारा माल गोंडा घाटासारख्या वाटांनी इथूनच जाई. त्या वाटेवर नजर ठेवायला हरिहर आणि भास्करगड हे किल्ले उभे आहेत. आजही खोडाळ्याकडून निरगुडपाड्याला गेलं की दोन्ही समोर दिसतात. 1664 च्या जानेवारीतल्या सुरतेच्या स्वारीसाठी निघालेले शिवाजी महाराज जव्हारवरून गेले. त्या वेळी जव्हारचे राजे विक्रमशहा यांनी त्यांचं स्वागत केलं ती जागा शिरपामाळ म्हणून ओळखली जाते. मोठं सैन्य या भागातून वेगानं निघून गेलं, यावरून त्या काळातल्या वाटांची प्रतही समजते.

भूपतगड हा या वाटांचा सगळ्यात चांगला परिचय आहे. जव्हारहून झापपर्यंत गाडी जाते, पुढं चिंचपाड्यावरून चढण सुरू होते. चढ फार नाही. वर पोहोचलं की दरवाजाचे अवशेष, कातळात खोदलेली पाण्याची टाकी आणि मोकळा माथा. खरं पाहण्यासारखं आहे ते खाली: पिंजाळचं खोरं, त्यातली भाताची खाचरं, आणि खाचरांमधून एका पाड्याकडून दुसऱ्याकडे गेलेल्या पांढुरक्या रेषा. गडावर येणारे गिर्यारोहक ज्या वाटेला ट्रेक म्हणतात, तिच्यावरून खालच्या गावांतले लोक बाजाराला जातात.

नदीकाठची वाट पाहायची तर दाभोसा. लेंडी नदी इथं सुमारे तीनशे फूट खाली कोसळते आणि धबधब्याच्या तळाशी जायला दरी उतरावी लागते. मोखाड्याच्या बाजूला सूर्यमाळ आणि तिथून जवळ असलेलं देवबांधचं गणपती मंदिर या परिसरात रान अजून दाट आहे, हवा थंड आहे, आणि गर्दी पुष्कळच कमी आहे.

अशा वाटांचं काय करायचं, याचं एक उत्तर जगात फार व्यवस्थित दिलं गेलं आहे. स्वित्झर्लंडमध्ये मोटारी वाढल्या तेव्हा चालणाऱ्यांना रस्त्यावर धूळ खात जावं लागे. झुरिकजवळचे एक शाळामास्तर, योहान याकोब एस, यांनी पायवाटांवर एकसारख्या पिवळ्या पाट्या लावण्याची कल्पना मांडली आणि 1934 मध्ये त्यासाठी देशव्यापी संघटना उभी राहिली. आज त्या देशात सुमारे 65,000 किलोमीटर पायवाटांवर पाट्या आहेत. सोप्या वाटेला पिवळी खूण, डोंगरी वाटेला पांढरी-लाल-पांढरी, आणि जिथं बर्फ, खडक चढावा लागतो तिथं पांढरी-निळी-पांढरी. पाटीवर अंतर किलोमीटरमध्ये लिहीत नाहीत. चालायला किती वेळ लागेल ते तास-मिनिटांत लिहितात. चढ-उताराच्या मुलखात तोच हिशोब खरा असतो, हे जव्हारच्या कुठल्याही पाड्यावरचा माणूस सांगेल.

त्याहून मोलाचा आहे तिथला कायदा. फेब्रुवारी 1979 मध्ये स्विस मतदारांनी सार्वमतानं पायवाटांना राज्यघटनेत जागा दिली. 1985 मध्ये कायदा झाला, 1987 पासून तो लागू आहे. वाटांचे आराखडे करणं, खुणा करणं आणि त्या चालत्या ठेवणं ही प्रांतांची जबाबदारी आहे. एखादी वाट बंद करावी लागली तर तिच्याजागी दुसरी योग्य वाट द्यावी लागते. आणि पायवाटेवर चालणाऱ्याला नकोसं डांबर घातलं, तर तीही वाट गेली असंच धरलं जातं.

हे शेवटचं कलम जसंच्या तसं मोखाड्यात आणणं मात्र अन्यायाचं होईल. ऑगस्ट 2022 मध्ये याच तालुक्यातल्या एका पाड्यावर एका आईची जुळी बाळं घरीच जन्मून दगावली आणि रक्तस्राव होत असलेल्या तिला निसरड्या उतारावरून सुमारे तीन किलोमीटर झोळीतून न्यावं लागलं, कारण गाडी येईल असा रस्ताच नव्हता. 1992-93 मध्ये जव्हारच्या वावर-वांगणीत कुपोषणानं मुलं मेली तेव्हाही मदत पोहोचायला दुर्गमता आड आली होती. इथल्या माणसाला डांबरी रस्ता हवा आहे आणि तो त्याला मिळालाच पाहिजे. पण रस्ता झाला म्हणून वाट संपत नाही. पाण्यावर, रानात, शेतावर, शेजारच्या पाड्यावर जायचं ते पायवाटेनंच. रस्त्याची मागणी आणि वाटेची निगा या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत.

आड येतात ती धरणं. मोखाड्यातल्या कोचाळ्याजवळ शंभर मीटरहून उंच मध्य वैतरणा धरण बांधून मुंबईला पाणी गेलं. गारगाई आणि पिंजाळ या धरणांचे प्रस्ताव आहेत. दमणगंगा-पिंजाळ जोडप्रकल्पात वाघ नदीवरही धरण सुचवलेलं आहे. भूसंपादनात जमीन, घर, विहीर, झाड यांची मोजदाद होते. पाण्याखाली जाणाऱ्या वाटेनं जोडलेले दोन पाडे उद्या एकमेकांपासून किती लांब पडतील, हेही मोजायला हवं.

आणि आड येतात ते पावसाळी पर्यटक. जुलै 2020 मध्ये जव्हारजवळच्या काळमांडवी धबधब्यात पाच तरुण बुडाले. दोघं पाण्यात पडले आणि त्यांना वाचवायला गेलेले तिघंही गेले. त्यानंतर पावसाळ्यात धबधब्यांवर बंदीचे आदेश निघतात. बंदीपेक्षा जास्त उपयोग खुणेचा होईल: वाट कुठवर सुरक्षित आहे, कातळ कुठून निसरडा होतो, पाणी वाढलं की कुठं थांबायचं. हे सगळं गावातल्या गुराख्याला पाठ असतं. त्याला वाटाड्या म्हणून रीतसर काम आणि मजुरी मिळाली, तर दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणाऱ्यांतला एखादा तरी घरी राहू शकेल.

वाटांची नोंद आणि निगा यांसाठी नवा कायदा होईपर्यंत थांबायची गरज नाही. जुन्या गाव नकाशावर गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेनं आणि पायमार्ग एकेरी तुटक रेषेनं दाखवलेला असतो. पायमार्गाची रुंदी सव्वाआठ फूट धरतात. शेताच्या बांधावरून जायच्या वाटेचा हक्क महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 च्या कलम 143 खाली तहसीलदार ठरवून देतात. जंगलातून रस्ता हवा असेल तर वनहक्क कायदा, 2006 नं ग्रामसभेच्या शिफारशीवर एक हेक्टरहून कमी वनजमीन देण्याची सोय केली आहे. आदिवासी भागांतल्या पंचायतींसाठीच्या पेसा कायद्याच्या 2014 च्या राज्य नियमांनुसार पाड्यालाही स्वतःची ग्रामसभा मिळू शकते. सप्टेंबर 2025 मध्ये महसूल विभागानं सेवा पंधरवड्यात शेत-पाणंद रस्त्यांची मोहीम घेतली. त्याच धर्तीवर पायमार्ग नोंदवता येतील.

सुरुवात पाड्यावरच्या सभेतून करता येईल. गाव नकाशा भिंतीवर लावायचा, त्यात नसलेल्या वाटा म्हाताऱ्या माणसांकडून आणि पाण्याला जाणाऱ्या बायकांकडून विचारून भरायच्या, उन्हाळी कुठली आणि पावसाळी कुठली ते वेगळं दाखवायचं. साकव कुठं हवा आणि झोळीची वाट कुठली, तिथं लाल खूण. झाप, चिंचपाडा, दाभोसा, सूर्यमाळ आणि खोडाळा या पाच ठिकाणांपासून हे काम हाती घेतलं, तर दोन्ही तालुक्यांतल्या मोठ्या खोऱ्यांच्या मुख्य वाटांची नोंद एका उन्हाळ्यात होऊ शकेल.