परक्यांचा पैसा, तिमोरची चटई

1999 च्या सप्टेंबरात पूर्व तिमोर अक्षरशः जळत होता. 30 ऑगस्टच्या सार्वमतात 78.5 टक्के मतदारांनी इंडोनेशियापासून वेगळं होण्याचा कौल दिला होता. इंडोनेशियाच्या सैन्यानं पोसलेल्या सशस्त्र टोळ्यांनी त्याचा सूड घरांवर, शाळांवर, दवाखान्यांवर उगवला. देशातल्या सुमारे 70 टक्के इमारती आणि सोयी काही आठवड्यांत उद्ध्वस्त झाल्या. वरच्या जागांवरचे अधिकारी आणि माध्यमिक शाळांचे शिक्षक बहुतेक इंडोनेशियन होते, तेही निघून गेले. 20 सप्टेंबरला ऑस्ट्रेलियाच्या नेतृत्वाखालची फौज दिली या राजधानीत उतरली, तेव्हा कारभार म्हणावा असं तिथे काहीच शिल्लक नव्हतं.

गोव्याच्या माणसाला हा देश फार लांबचा वाटू नये. 1844 पर्यंत तिमोरचा पोर्तुगीज कारभार गोव्याच्या अखत्यारीत होता, आणि सोआरेस, परेरा ही आडनावं आजही तिथे सर्रास भेटतात. 1974 साली लिस्बनमधली हुकूमशाही कोसळली. पुढच्या वर्षी, 28 नोव्हेंबरला, तिमोरनं स्वातंत्र्य जाहीर केलं आणि नऊच दिवसांत इंडोनेशियाचं सैन्य आत घुसलं. चोवीस वर्षांच्या ताब्यात संघर्षापायी, उपासमारीनं आणि आजारानं किमान 1,02,800 माणसं गेली, असा तिमोरच्याच सत्यशोधन आयोगाचा हिशेब आहे.

ऑक्टोबर 1999 मध्ये सुरक्षा परिषदेनं या देशाचा संपूर्ण कारभार संयुक्त राष्ट्रांकडे सोपवला. कायदे करणं, ते राबवणं, न्यायदान करणं, सगळे अधिकार सर्जिओ व्हिएरा दि मेलो या ब्राझिलियन अधिकाऱ्याच्या हाती आले. डिसेंबरात टोकियोच्या बैठकीत दात्या देशांनी 52 कोटी डॉलरहून अधिक रकमेची आश्वासनं दिली. पैसा आला, माणसं आली, गाड्या आल्या. परदेशी कर्मचाऱ्यांच्या राहण्यासाठी दिलीच्या बंदरात चक्क तरंगतं हॉटेल नांगरलं गेलं, आणि त्याच्या समोरच्या किनाऱ्यावर छप्पर जळालेल्या घरांतून लोक संसार मांडत होते. ‘ला’ओ हामुतुक’ ही दिलीतली संस्था परदेशी मदतीवर बारीक नजर ठेवून असते. तिच्या अंदाजानुसार पहिल्या दहा वर्षांत तिमोरच्या नावानं खर्च झालेल्या पाचेक अब्ज डॉलरपैकी जेमतेम दहावा हिस्सा देशाच्या अर्थव्यवस्थेत उतरला. उरलेला पगार, सल्लागार, परदेशी सैनिक आणि आयात सामान यांत गेला. हा आकडा वाचून मला आजही राग येतो. पण ती फौज आली नसती तर पुढचं काहीच घडलं नसतं, हेही तितकंच खरं.

मदतीतलं जे सर्वांत चांगलं उतरलं, ते गावात उतरलं. जागतिक बँकेच्या एका योजनेत प्रत्येक गावानं आपली समिती निवडायची होती, त्यात पुरुषांइतक्याच स्त्रिया हव्यात अशी अट होती, आणि विहीर, रस्ता की शाळा हे समितीनं ठरवायचं होतं. योजनेत त्रुटी होत्या, समित्या आणि गावातले जुने मुखिया यांच्यात कुरबुरी झाल्या. तरी निर्णय गावाचा होता.

सत्यशोधन आयोगाचं काम मला याहून मोलाचं वाटतं. त्याचा पैसा दात्यांचा होता, रीत मात्र तिमोरची. तिथे भांडण मिटवायला गावातली जाणती मंडळी मोठी चटई अंथरून सगळ्यांना बसवतात. तो शिरस्ता आयोगानं उचलला. घर जाळलेला, गुरं पळवलेला माणूस आपला कबुलीजबाब घेऊन येई, ज्याचं नुकसान झालं तो समोर बसून प्रश्न विचारी, गावकरी बोलत. मग ठरे : माफी मागायची, चर्चची दुरुस्ती करायची, कधी एखादं जनावर द्यायचं. हा करार जिल्हा न्यायालयात नोंदवला जाई. अशा रीतीनं तेराशेहून अधिक माणसं आपापल्या गावात परत सामावली गेली. खून आणि बलात्कार या चटईवर येत नव्हते, ते खटल्यांसाठी राखून ठेवले होते. पण त्यातले बहुतेक मोठे आरोपी इंडोनेशियात राहिले आणि त्यांना कुणी सोपवलं नाही. दात्या राष्ट्रांनी तिथे जोर लावला नाही, ही या सगळ्या मदतीतली सर्वांत मोठी उणीव आहे.

20 मे 2002 ला देश स्वतंत्र झाला. शनाना गुश्माव राष्ट्राध्यक्ष झाले. शांतिसैनिकांना मात्र घाई झाली होती : 2005 मध्ये शेवटची तुकडी परतली आणि 2006 मध्ये सैन्यातून काढलेल्या सुमारे 600 जवानांच्या असंतोषातून सैन्य आणि पोलीसच एकमेकांवर गोळ्या झाडू लागले. दीड लाख लोक घरं सोडून छावण्यांत गेले. संयुक्त राष्ट्रांना परत यावं लागलं. या नव्या मोहिमेची धुरा तीन वर्षं अतुल खरे या भारतीय मुत्सद्द्यानं सांभाळली.

छावण्या रिकाम्या झाल्या त्या मात्र तिमोरच्या स्वतःच्या पैशांनी. सरकारनं घर गमावलेल्या कुटुंबांना 4,500 डॉलरपर्यंत रोख दिले. हा तेलाचा पैसा होता. 2005 मध्ये नॉर्वेच्या सल्ल्यानं, नॉर्वेच्याच धर्तीवर पेट्रोलियम निधी उभा राहिला होता. मदत म्हणून मिळालेला तो सल्ला कुठल्याही इमारतीपेक्षा टिकाऊ निघाला. क्यूबानंही असंच काहीसं केलं : डॉक्टर पाठवले, आणि शेकडो तिमोरी मुलामुलींना डॉक्टर करून परत धाडलं. 2006 साली हिवतापाचे दोन लाखांवर रुग्ण असलेल्या या देशाला जुलै 2025 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं हिवतापमुक्त घोषित केलं. ऑक्टोबरात तो आसियानचा अकरावा सदस्य झाला.

आता मात्र तेल आटतंय. बायू-उंदान क्षेत्रातलं उत्पादन 2025 मध्ये थांबलं, निधीत सुमारे 18 अब्ज डॉलर आहेत आणि सरकार त्यातून झेपेल त्याहून जास्त दरवर्षी काढतं. पाच वर्षांखालच्या जवळपास निम्म्या मुलांची उंची वयाच्या मानानं खुरटलेली आहे. दात्यांना खरोखर काही करायचं असेल तर त्यांनी या मुलांच्या आयांपर्यंत, पाण्याच्या नळापर्यंत, भाजीपाल्याच्या वाफ्यापर्यंत पोचावं, आणि दोन-तीन वर्षांचे प्रकल्प बंद करून दहा-पंधरा वर्षांचे करार करावेत.