साखळी खरेच ताणते का?

अंबाजोगाईहून बालाघाटाच्या डोंगरातल्या वाड्यांवर मोटारसायकलने शाळेत जाणाऱ्यांना सैल साखळीची कुरकुर नवी नाही. साखळी ‘ताणली’ असे आपण म्हणतो, पण पोलादी पट्ट्या लांबलेल्या नसतात. साखळीचा प्रत्येक सांधा म्हणजे नळीत फिरणारी पिन. वंगणात मिसळलेला फुफाटा दोहोंना काचकागदासारखा घासतो आणि सांधा सैलावतो.

हे पट्टीने मोजता येते. १०० सीसीच्या बहुतेक गाड्यांत शेजारच्या दोन पिनांतले अंतर १२.७ मिलिमीटर असते. म्हणजे ताणून धरलेल्या २० कड्या २५४ मिलिमीटर भरायला हव्यात. २५९ भरल्या तर वाढ सुमारे २ टक्के झाली, साखळी बदलावी. सांध्यामागे वाढ जेमतेम पाव मिलिमीटर! (जुनी साखळी टाकू नये, नवीशेजारी टांगून मुलांना फरक मोजायला द्यावा.)

झिजलेली साखळी दात्यांच्या टोकांकडे चढते, दाते आकड्यासारखे होतात आणि एखाद्या घाटात ती निसटून चाक अडकू शकते. म्हणून दोन्ही दातेरी चक्रेही सोबतच बदलावीत. इथली काटकसर आम्हाला मान्य नाही. जुने दाते नवी साखळी लवकर खातात.

घरी काम करताना इंजिन बंदच हवे, बोटे जातात. लॉकच्या क्लिपचे बंद तोंड साखळी धावते त्या दिशेला ठेवावे. उघडे तोंड पुढे असले तर काही आदळून क्लिप उडते. शेवटी खालच्या बाजूला मध्यावर सुमारे २५ मिलिमीटर ढील ठेवावी. माणूस बसला की मागचे चाक वर सरकते, चक्रांमधले अंतर किंचित वाढते आणि ती ढील तिथे खर्ची पडते.